छातीतले पाणी ओळखणारे नवसूदादा

रोग्याला एक्स-रेच्या फळीवर निजवण्याआधी नवसूदादा स्वतः त्या फळीवर निजून दाखवत. इंजिन बंद, यंत्र बंद, आणि पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस अंगातली बंडी काढून, टोपी खुंटीला अडकवून उताणा पडलेला. रोगी आणि त्याच्याबरोबर आलेली सात-आठ माणसे दारातून बघत. मग दादा उठून बसत, उघड्या छातीवर थाप मारत आणि म्हणत, "बघ. हाय ना अजून जिता? चल, आता तू."

जव्हारच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिले आणि मला हसू आले. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. वडील शहापूरच्या शाळेत शिपाई होते. ज्या शाळेची घंटा ते वाजवत, तिच्यातच मी शिकलो आणि पुढे मुंबईला जाऊन डॉक्टर झालो. पदवीचा कागद ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली होता. दोन दिवसांआड काढून मी तो बघत असे. अशा नव्या माणसाला दुसऱ्याला हसायची जरा घाईच असते.

"नवसू, यात वेळ किती फुकट जातो," मी म्हणालो.

"जातो डाक्टर," ते शांतपणे म्हणाले. "पन घाबरलेला मानूस श्वास धरीत नाय. श्वास धरला नाय तं फोटो हालतो. फोटो हालला तं फिल्म गेली. फिल्म येते मुंबईवरना. मंग येळ कुठं जास्ती गेला?"

मी मनात हिशेब करून पाहिला; तो बरोबर होता. पुढच्या चार वर्षांत त्यांचे हिशेब असेच अनेकदा बरोबर निघाले, आणि आज सांगायला अभिमान वाटतो की त्यातच माझे शिक्षण झाले.

नवसूदादा साखरशेतचे. घरची थोडी भाताची खाचरे, वर माळावर नाचणी. लहानपणापासून त्यांच्याकडे एकच काम असे: पावसात एका खाचरातले पाणी दुसऱ्यात सोडायचे, कुठे बांध फुगतोय, कुठे पाझरतोय ते बघायचे. दवाखान्यात ते आले पाणक्या म्हणून. पुढे जव्हार संस्थानच्या दरबारने एक्स-रेचे यंत्र आणले, त्याला वीज द्यायला मागच्या पडवीत तेलाचे इंजिन बसले, आणि इंजिनाला पाणी घालता घालता दादा ते चालवायला शिकले. माझ्या आधीच्या वृद्ध डॉक्टरांनी त्यांना फिल्म काढायला आणि धुवायला शिकवले. दादांना मराठी अक्षरे लावून लावून वाचता येत. इंग्रजी मुळीच नाही. यंत्राबरोबर आलेले जाड इंग्रजी पुस्तक त्यांनी धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवले होते. मी एकदा ते वाचून अर्थ सांगू लागलो. दहा-बारा पाने झाल्यावर ते म्हणाले, "बरा लिवलाय. बरोबर हाय सगळा." जणू परीक्षा पुस्तकाची होती.

माझी परीक्षा महिनाभरात झाली.

एक धिप्पाड शेतकरी ताप आणि कुशीतली कळ घेऊन आला. फिल्ममध्ये उजव्या छातीचा खालचा भाग पांढराशुभ्र. फुप्फुसात हवा असते म्हणून ते फिल्मवर काळे दिसते. भोवती पाणी साठले की तिथे पांढरे येते, एवढे मला पाठ होते. मी म्हणालो, छातीत पाणी झालेय, सुई घालून काढू.

"डाक्टर, एकदा कुशीवर निजवून फोटो काढू?" दादांनी विचारले.

"छातीचा फोटो उभ्याने काढायचा असतो. पुस्तकात तसेच आहे."

ते बाजूला सरले. मी बरगड्यांच्या मध्ये सुई घातली. काही आले नाही. जरा खाली घातली. काही नाही. तिसऱ्या वेळी दोन थेंब रक्त आले आणि तो शेतकरी ओरडला, "ए डाक्टर! मी काय गोधडी हाय का टाके घालायला?"

बाहेरची माणसे खदखदून हसली. मी सुई ठेवली आणि म्हणालो, "काढा. कुशीवर निजवून काढा."

दादांनी त्याला दुखऱ्या कुशीवर आडवे केले. यंत्राचे नळकांडे त्यांनी आडवे वळवले आणि फिल्मची पेटी रोग्याच्या पाठीशी उभी धरायला सागाच्या लाकडाचा एक घोडा सरकवला. तो त्यांनी सुताराकडून स्वतःच्या मापाने करून घेतला होता. धुतलेली फिल्म आली तेव्हा पांढरा भाग होता तिथेच होता.

मग त्यांनी औषधाची एक बाटली निम्मी पाण्याने भरली, दुसरीत ओली माती दाबून बसवली, आणि दोन्ही माझ्या टेबलावर आडव्या केल्या. पाणी बाटलीच्या अंगाला लांब पसरले. माती जागची हलली नाही.

"पानी असता तं कुशीला सरकला असता," ते म्हणाले. "बरगड्यांच्या कडंनं पांढरा पट्टा दिसला असता. ह्याचा फुप्फुसच घट्ट झालाय. न्युमोनिया असंल. ते नाव तुमाला ठाऊक, मला नाय."

न्युमोनियाच होता. माणूस बरा होऊन चालत गेला. जाताना माझ्याकडे पाठ करायला मात्र तयार नव्हता.

"हे तुम्हाला कोणी शिकवले, नवसूदादा?" मी विचारले. त्या दिवसापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो.

"कोन शिकवनार? एक म्हातारी होती. तिला बसता येईना, उबा र्‍हाता येईना. मी म्हनला, पडल्या पडल्या काढू. काढला तं पानी जागेवर नाय! मी घाबरलो, म्हनला यंत्र बिघडला. मंग आठवला, पानी हाय ते. ते कशाला एका जागी बसंल?"

त्यांची दुसरी युक्ती गेरूची. इंजिन चालू करून, खोली अंधारी करून, रोग्याला चमकत्या पडद्यामागे बसवले की छातीतले पाणी कुठवर आहे ते जिवंत दिसते. दादा त्या उंचीवर रोग्याच्या पाठीवर बोटाने गेरूची रेघ ओढत. सुई कुठे घालायची ते मला रेघेवरून कळे. आठवड्याने रोगी परत आला की नवी रेघ. जुनी वर आणि नवी खाली असली की दादा नुसते "हं" म्हणत. उलट झाले तर माझ्याकडे बघत. आणि प्रत्येक वेळी, पडद्यावर पाहण्याआधी, ते पाठीवर बोटे ठोकून आवाज ऐकत आणि आपला अंदाज मला सांगत. मग पडद्यावर पडताळा. अंदाज बोटभर जरी चुकला तरी दिवसभर स्वतःवर रागावलेले असत.

त्यांच्यावर कायम रागावलेले माणूस मात्र एकच: त्यांची बायको जमनाबाई. कारण पाणी. फिल्म धुवायला भरपूर आणि थंड पाणी लागते. पाणी कोमट असले की फिल्मवरचा लेप सुटून साय सरकावी तसा ओघळतो. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरींचे तळ दिसतात. दादा पहाटे उठून खालच्या झऱ्यावरून कावडीने पाणी आणत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यांत निववत आणि ऊन चढायच्या आत फिल्म धुऊन मोकळे होत. जमनाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन सर्वांदेखत बोलत.

"घरात पोरांच्या तोंडात थेंब नाय, अन् ह्यो लोकांच्या बरगड्यांना आंघोळ घालतोय!"

"घरचे दोन हंडे आनून ठेवले मी."

"ठेवलेस. अन् तिसरा?"

"तिसरा बरगड्यांचा."

ती कपाळाला हात लावून जाई. दुपारी तीच त्यांची भाकरी घेऊन येई.

अशाच एका उन्हाळ्यात मुंबईचे एक मोठे डॉक्टर दरबारचे पाहुणे म्हणून आले होते. सकाळीच दवाखाना बघायला आले. मी भीतभीत सगळे दाखवले. कुशीवर निजवून काढलेल्या फिल्मा त्यांनी ओट्यावर येऊन उन्हाकडे धरल्या आणि एकेक करून पुन्हा पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, परदेशातल्या अगदी नव्या पुस्तकांत ही रीत येऊ लागली आहे, आमच्याकडेही सगळे करत नाहीत. "तुमचा एक्स-रेवाला कोण? कुठे शिकला?"

तेवढ्यात दादा फाटकातून आले. खांद्यावर कावड, गुडघ्यापर्यंत धोतर, घामाने निथळत.

"हे," मी म्हणालो.

पाहुण्यांनी हात पुढे केला. दादांनी कावड खाली ठेवली, हात धोतराला पुसला, आणि हात मिळवता मिळवता म्हणाले, "सायेब, सावलीत उबे र्‍हा. फिल्म उनात धरू नका, वाकडी व्हते."

आता मंगळीबाईची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय दादा काय होते ते कळणार नाही. तीत चूक माझी आहे.

मंगळीबाई सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, चाळिशीची विधवा. भाऊ जान्या आणि आणखी तिघे तिला डोलीत घालून घेऊन आले. एका वाक्यात तीनदा श्वास घेत होती. डाव्या छातीवर बोटे ठोकली तर दगडावर ठोकल्यासारखा आवाज. आमच्याकडे छातीतले पाणी बहुतेक वेळा क्षयाचे. जान्याने विचारले, "काय झाला हिला?" आणि फिल्म काढण्याआधीच मी बोलून गेलो, "क्षय दिसतो."

त्या काळी डोंगरात क्षय म्हटला की पाड्यापासून लांब, शेताच्या कडेला कुडाची खोपी बांधायची. रोगी तिथे एकटा. भाकरी दूर ठेवायची. घरातल्या मुलीला कोणी करून घ्यायचे नाही. मंगळीबाईची एकुलती एक मुलगी सोनी. तिचे लग्न वैशाखात ठरले होते. डोलीबरोबर आलेला एकजण माझा शब्द घेऊन दुपारीच परत निघाला. संध्याकाळपर्यंत सूर्यमाळला सगळ्यांना माहीत झाले. दुसऱ्या दिवशी मुलाकडचा निरोप आला की लग्न मोडले. खोपीसाठी कूड तोडायलाही सुरुवात झाली होती.

मंगळीबाई रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दादा तिची फिल्म खिडकीशी धरून उभे होते. डावी छाती वरपासून खालपर्यंत पांढरी.

"डाक्टर, तुमी क्षय कशावरना म्हनला?"

"एवढे पाणी आहे, दादा. दुसरे काय असणार?" थुंकीत जंतू सापडले नव्हते. पण छातीत पाणी झालेल्या क्षयात ते नेहमीच सापडतात असे नाही, म्हणून मी तिकडे कानाडोळा केला होता.

"एवढा पानी हाय, तेच तं म्हनतो मी. खाचर तुडुंब भरला का बांध बाहेर फुगतो. हिचा काळीज त्या अंगाला ढकलला जायाला पायजे होता. आपल्या त्या विक्रमगडच्या म्हाताऱ्याचा गेला होता. हिचा बघा. जागच्या जागी. आतून कोनीतरी धरून ठेवलाय."

मी फिल्म हातात घेतली. हृदयाची सावली खरोखरच हलली नव्हती. मी दोन दिवस ती फिल्म पाहत होतो आणि मला फक्त पांढरे दिसले होते.

"पाण्याच्या मागं काय हाय ते दिसत नाय," दादा म्हणाले. "पानी काढा. अन् परत भरायच्या आत फोटो काढू."

"मोठ्या फिल्मा किती आहेत?"

"एक."

मुंबईहून नवा डबा यायला पंधरा दिवस तरी लागले असते.

मी सुई घातली. क्षयाचे पाणी पिवळसर असते. हे आले करवंदाच्या रसासारखे, काळपट लाल. हळूहळू, थांबत थांबत काढले. तिला खोकला येऊ लागला तसा थांबलो. दादांनी इंजिन आधीच चालू करून ठेवले होते; या वेळी फळीवर निजून दाखवण्यासाठी त्यांनी ते पुन्हा बंद केले. एकच फिल्म, ती हलायला नको होती. मग इंजिन पुन्हा सुरू करून मंगळीबाईला आडवी केली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती काहीतरी बोलली.

"जागा ऊन केलीस रं माझ्यासाठी."

"केली ना. आता श्वास घे. धर. धर... सोड."

दुपारचे पाणी कोमट होते, म्हणून दादांनी फिल्म धुतली नाही. पेटी बंद तशीच पहाटेपर्यंत ठेवली. उजाडता उजाडता मी फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीबाहेर उभा होतो. ते बाहेर आले, फिल्ममधून पाणी गळत होते. आम्ही ओट्यावर उभे राहून ती आकाशाकडे धरली. पाणी कमी झाले होते, फुप्फुस थोडे उघडले होते, आणि त्यात वालाच्या दाण्यांएवढ्या गोल गोल सावल्या पसरलेल्या.

अशा सावल्या अंगातल्या दुसऱ्या गाठीतून फुप्फुसात येऊन रुजतात, हे मला माहीत होते. मी आमच्या सुईण राधाबाईंना आत पाठवले. त्या लगेच परत आल्या. डाव्या स्तनात गाठ होती, सुपारीपेक्षा मोठी, कातडीला चिकटलेली.

"ती तं दोन वर्सां हाय," मंगळीबाई म्हणाली. "दुखत नव्हती. कोनाला दाखवू?"

कोणी विचारलेही नव्हते. मीही नाही.

मी तिच्या खाटेजवळ बसलो. दादा दारात उभे राहिले. हे सांगणे माझे काम होते.

"मंगळीबाई, मी चुकलो. क्षय नाही. गाठीचा रोग आहे, कर्करोग म्हणतात. तो छातीत उतरलाय. पाणी त्याचेच."

"बरा व्हंल?"

"नाही."

ती जरा वेळ पदराचे टोक चुरगाळत राहिली.

"लागतो का कोनाला?"

"नाही. कोणालाच लागत नाही."

"मंग पोरीजवळ निजता येल?"

"येईल."

"मंग मला घरी धाडा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते सुटकेचेच होते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

मी सही-शिक्क्याचा कागद लिहून जान्याजवळ दिला. चार दिवसांनी तो कागद घेऊन परत. "सायेब, कागद कोन वाचतो? ते म्हनतात, डाक्टर आधी क्षय बोलला, आता नाय बोलतो. उद्या आनखी तिसरा काय बोलंल."

ते खरेच होते. दादांनी फिल्म फडक्यात गुंडाळली, बंडी घातली आणि म्हणाले, "चला डाक्टर. शब्द तुमी सोडलाय, आनायला तुमालाच यायला लागंल."

मोखाड्यापर्यंत आम्ही मोटारीने गेलो, पुढे पायी. पाड्यावर नवऱ्यामुलाचा चुलता काशीराम आधीच येऊन बसला होता. बोलण्यात पुढे, पागोटे तिरपे. खोपीचा कूड उभा झाला होता, पण मंगळीबाई अजून आपल्या ओटीवर होती. सोनीने तिला तिथून हलू दिले नव्हते.

दादांनी सावलीत उभे राहून फिल्म आकाशाकडे धरली. तीस-चाळीस माणसे जमली.

"ह्या बरगड्या. हे पानी. हे गोल दिसतात ते गाठीचे दाने. क्षय असा दिसत नाय."

काशीराम डोळे बारीक करून म्हणाला, "काळा अन् पांढरा. माझी काळी गाय अन् पांढरा बैल उबा केला तरी असाच दिसंल."

लोक हसले. दादाही हसले.

"बरोबर बोललास. तुला कळायचा नाय. मला कळायला बारा वर्सां गेली. पन ह्या डाक्टरला इचार, त्याचा चुकला का नाय."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या आयुष्यात तोवर मी चारचौघांपुढे चूक कबूल केली नव्हती. मी म्हणालो, "माझे चुकले. फोटो बघायच्या आधी मी बोललो. नवसूदादांनी बघितले आणि त्यांनी मला दाखवले."

काशीराम विचारात पडला. पण अजून हलला नव्हता. "डाक्टर जाईल जव्हारला. र्‍हायचा आमाला हाय."

तेव्हा दादा ओटीवर गेले. मंगळीबाईपुढे नाचणीच्या पेजेचे वाडगे होते, अर्धे प्यालेले. त्यांनी ते उचलले आणि तोंडाला लावले. घाई केली नाही. शेवटचा घोट संपवला, बोटाने वाडगे निपटले, आणि सोनीला म्हणाले, "मीठ कमी हाय. लगीन झाल्यावर सासूचा मार खाशील."

कोणी हसले नाही. मग कोणीतरी फिसकन हसले, आणि मग सगळेच. काशीरामने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "पोरी, मला बी आन वाडगाभर. मीठ घालून."

मग आम्ही परत निघालो. वाटेत मी दादांना म्हणालो, "तुम्ही पेज प्यालात ते भीती न बाळगता?"

"फोटो मीच काढला ना? मंग भ्यायचा कशाला?"

मोडलेले लग्न पुन्हा ठरले; ते महिन्यावर होते. आता प्रश्न एवढाच राहिला की मंगळीबाई त्या दिवशी बसती असेल का. पाणी परत भरणारच होते. काढले की आठ-दहा दिवस श्वास मोकळा, मग पुन्हा घुसमट. फार वेळा काढले तर अंगातली ताकद जाते. दर आठवड्याला डोली येई, दादा पडद्यावर बघून रेघ ओढत आणि बोटांनी अंतर मोजत. तीन रेघा झाल्यावर त्यांनी हिशेब केला. "आठ दिवसाला चार बोटं चढतो. लग्नाच्या तीन दिस आधी काढा. आधी काढला तं भरंल, आदल्या दिशी काढला तं ती थकलेली असंल." तो दिवस त्यांनी ठरवला, मी नाही.

त्याच सुमारास मला नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. मोठे यंत्र, वर शिकवणारे लोक. ते दादांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते म्हणाले, "जायाला पायजे. हिथं तुमी मला इचारता, तिथं तुमाला इचारतील." सामान पुढे पाठवले. लग्नाला सूर्यमाळला जायचे, तिथून मोखाड्याला उतरून नाशिकची मोटार धरायची, असे ठरले.

पुढे नाशिकला मला खरोखर विचारले. तिथल्या वरिष्ठांनी एकदा माझी फिल्म बघून विचारले की ही रीत कुठल्या कॉलेजात शिकलात. मी नाव सांगितले: साखरशेतचे नवसू, जव्हारच्या दवाखान्यातले. त्याच वर्षी भाद्रपदात दादांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड आले. मंगळीबाई गेली, स्वतःच्या घरात, माहेरी आलेल्या सोनीजवळ. शेवटी डोली झेपेना तेव्हा दादाच सूर्यमाळला जात होते. यंत्र नव्हते, नुसत्या बोटांनी ठोकून पाणी कुठवर आहे ते बघून येत आणि नव्या डॉक्टरांना सुईची जागा सांगत. नवे डॉक्टर ऐकत होते, असेही त्या कार्डात होते. संस्थान विलीन झाल्यानंतर काही वर्षांनी दादा वारल्याचे मला कळले, फार उशिरा. जाणे झाले नाही. मी त्यांना शेवटचे पाहिले ते सोनीच्या लग्नातच.

मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत होती, वाजंत्री अधूनमधून तिच्यावर कुरघोडी करत होती, काशीराम सगळ्यांना जागा दाखवत फिरत होता. मंगळीबाई नव्या लुगड्यात मांडवाच्या कडेला घोंगडीवर बसली होती. पाणी तीन दिवसांपूर्वी काढलेले. श्वास मोकळा होता. पण टेकल्याशिवाय तिला ताठ बसवत नव्हते, आणि जवळ ना भिंत ना खांब. म्हणून दादा तिच्या मागे बसले होते, पाठीला पाठ लावून. ती मांडवाकडे तोंड करून, आणि ते उलट, करवंदीच्या जाळीकडे.

"दादा, तुला लगीन दिसत नाय," ती म्हणाली.

"आयकू येतो ना मला."

मी वळसा घालून त्यांच्या समोर गेलो. जाळीपुढे उकिडवा बसलो. काय बोलावे ते चार दिवस जुळवून ठेवले होते.

"निघतो, दादा."

"निघा. मोटार चुकंल."

"ठीक आहे ना ती?"

त्यांनी डोळे मिटले आणि क्षणभर पाठीने ऐकल्यासारखे केले. "पानी खाली हाय. श्वास पुरा घेतेय."

मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना वाकता येत नव्हते, हलता येत नव्हते. त्यांनी नुसता एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढून घेतला. उतारावरून मी मागे वळून पाहिले तेव्हा मांडवात सोनीला हार घालत होते, माणसे उठून उभी राहिली होती, मंगळीबाई मान उंच करून बघत होती, आणि तिच्यामागे नवसूदादा जाळीकडे तोंड करून ताठ बसलेले होते, जराही न हलता.